जिच्यासाठी दिवा लागायचा

सोमवार, ११ ऑगस्ट

सवतबाई,

नमस्कार-चमत्कार काही नाही आणि तब्येतीची चौकशीही नाही. तुझी तब्येत ठणठणीत आहे हे मी आज स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले.

हॉस्पिटलातल्या समुपदेशनाच्या ताई म्हणाल्या, "ज्याचा राग येतो त्याला पत्र लिहा. टाकायचं नाही, नुसतं लिहून काढायचं." त्यांना वाटलं असणार, मी नवऱ्याला लिहीन. नवऱ्यावर काय राग काढू? तो आजारी आहे. या सगळ्या प्रकरणात राग यावा अशी धडधाकट बाई एकच आहे, ती तू. म्हणून तुला लिहितेय, माझ्या शिवणाच्या दुकानातल्या कापड बेतायच्या खाकी कागदावर. चांगला कागद तुझ्यावर कशाला वाया घालवू?

तुझं नाव मला माहीत नाही. विचारलं की तो ओशाळं हसतो. तुला तोंड नाही, हातपाय नाहीत, नुसता आवाज आहेस आणि तोही एकट्या त्याच्या कानात. डॉक्टरबाई म्हणतात भास आहे. असेल. माझ्या घरात मात्र तू मालकिणीसारखी राहतेस. भाड्याने ठेवलेली माणसंसुद्धा इतकी पाय पसरून बसत नाहीत.

तू आलीस कधी ते मला नीट सांगता येत नाही. आधी तो नुसता गप्प गप्प झाला. चष्म्याच्या दुकानातून आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. आंघोळ टाळायचा. मला वाटलं दुकानात काही बिनसलं असेल. वर्षभर मी असंच काहीबाही वाटून घेत राहिले. मग एका सकाळी त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "आधी तू पी." मी प्यायले. तरी तो प्यायला नाही. मी त्यात काहीतरी कालवते असं तू त्याला सांगितलं होतंस. बारा वर्षांच्या संसारात मी त्याच्या चहात साखर आणि आल्याखेरीज काही घातलं असेल तर माझी जीभ झडो.

आणि मग ती काच. दुकानाच्या मागच्या खोलीत तो चाकावर काचा घासतो, चष्म्याच्या चौकटीत बसतील अशा करून देतो. त्या दिवशी मालकांनी मला बोलावून घेतलं. एका गिऱ्हाइकाची काच हातात घेऊन तो सकाळपासून घासतच होता. तू म्हणत होतीस, अजून, अजून थोडी. काच नखाएवढी उरली तरी त्याचा हात थांबेना. बोटांची सालटं निघाली होती. मी "अहो" म्हणून खांद्याला हात लावला, तर माझ्याकडे त्याने असं पाहिलं, जणू मी कोणी परकी बाई आत घुसले आहे. तिथून थेट हॉस्पिटल. तिथे आजाराचं नाव कळलं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळ्या सुरू झाल्या.

गोळ्यांनी तो जेवायला लागला, आंघोळ करायला लागला, कामावर गेला. तू मात्र गेली नाहीस. फक्त रंग बदललास. आधी माझ्या नावाने बोटं मोडायचीस, आता गोड झालीस म्हणे. त्याला "सोन्या" म्हणतेस. मी लग्नापासून "अहो" म्हणत आले, आणि ही कालची आलेली बया सोन्या म्हणते!

आजचं सांगते. हॉस्पिटलात मेंदूचा अभ्यास चालू आहे. आजार नुकताच झालेले, बरीच वर्षं जुने असलेले, आणि आजार होईल की काय अशा उंबरठ्यावरचे, अशा सगळ्यांचे मेंदूचे फोटो ते काढतात, काही वर्षांनी पुन्हा काढतात आणि काय काय बदललं ते बघतात. तो तयार झाला. मोठ्या नळकांड्यासारख्या मशीनमध्ये त्याला आडवा घातला आणि हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, थांबला की सोडायचं." बटण दाबलं की काचेच्या अलीकडे, जिथे मी मशीनवाल्या दादांच्या मागे स्टुलावर बसले होते, तिथे एक पिवळा दिवा लागायचा.

तू बोललीस की दिवा. थांबलीस की अंधार. पुन्हा दिवा.

इतकी वर्षं तू मला दिसली नव्हतीस. आज दिसलीस. मशीन ठकठक ठकठक करून कान किटवत होतं, त्या गोंगाटातही तुला बोलायची हौस. काय बोलत होतीस एवढं? मध्ये एकदा तर दिवा इतका वेळ लागून राहिला की मला वाटलं आता विझतच नाही. मशीनवाले दादा खूश होऊन म्हणाले, "आज चांगलं मिळतंय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नंतर डॉक्टरबाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. कानाच्या वरच्या बाजूला आत एक घडी असते, ऐकण्याबोलण्याची. म्हणाल्या, अशा आजाराच्या माणसांत ती जागा सरासरीने जराशी पातळ असते. मी मनात म्हटलं, सापडली. इथे राहते होय? आणि पातळ झालीय म्हणजे भिंत पडायला आली. राहा किती दिवस राहतेस ते.

घरी येताना मी गाणं गुणगुणत होते. त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

तुझी कोणीच नसलेली,
मी


गुरुवार, ५ मार्च

सवतबाई,

चार वर्षांनी लिहितेय. मध्ये तुला पत्र लिहावं असं काही नव्हतं. तो बरा होता. तू अधूनमधून यायचीस, मी काणाडोळा करायची. मग त्याला वाटलं, आता बरा आहे तर गोळ्या कशाला, आणि मलाही वाटलं असेल तसं. हिवाळ्याच्या तोंडावर त्या बंद झाल्या आणि दोन महिन्यांत तू पुन्हा चहात विष दाखवायला लागलीस. या वेळी तो सहा आठवडे हॉस्पिटलात होता. परत आला तो निम्मा होऊन आला. शब्द शोधत बोलतो. दुकानात पूर्वी डोळे मिटून करायचा ते काम आता थांबून थांबून करतो. मालक भले आहेत, त्यांनी सोपी कामं ठेवली त्याच्यासाठी.

आज दुसरा फोटो होता. या वेळी त्यांनी मलाही विचारलं, निरोगी माणसांचे फोटोही लागतात म्हणे ताडून बघायला. माझ्या वन्सं, म्हणजे ह्याची मोठी बहीण, सोबत आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "हिचा काढा हो, ही घुमी आत काय विचार करते ते आम्हालाही कळू दे." मला त्या लग्नापासून घुमी म्हणतात. मी हसले आणि मशीनमध्ये शिरले.

मलाही बटण दिलं. माझ्यासाठी टेप लावली होती, एक बाई संथपणे "दार, पाणी, खुर्ची" असं म्हणत होती. ती बोलली की मी दाबायचं. मी पडून विचार करत होते, बघा, याला फुकटात सोन्या म्हणणारी मिळते आणि माझ्या वाट्याला ही दार-पाणी-खुर्ची. मला तुझा इतका हेवा वाटला ना, की एकदा बाई गप्प असतानाही मी बटण दाबलं. उगाच. माझ्यासाठीही कुणीतरी आलंय असं दिसावं म्हणून. मशीनवाल्या दादांनी ओळखलं. "वहिनी, आता काही लावलं नव्हतं हां," म्हणाले.

मग डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले. लग्नानंतर आमचा एकत्र फोटो निघालाच नव्हता, हा निघाला. त्याच्या मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या आहेत. त्या माझ्यातही आहेत, सगळ्यांत असतात, पण त्याच्या मोठ्या होत्या, आणि चार वर्षांपूर्वीच्या त्याच्याच फोटोपेक्षाही किंचित मोठ्या. कपाळामागचा भागही थोडा पातळ. कानावरची ती घडी तर होतीच.

मी विचारलं, आणि देवाशपथ हसून विचारलं, "म्हणजे तिची जागा मोडत चालली ना?"

डॉक्टरबाईंना कळेना. "कुणाची?"

"तिचीच. तो आवाज. आता टिकायची नाही ना ती?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं रागावतील. त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ आल्या. "अहो, तिची जागा नाहीये ही. त्यांची आहे. तुमच्या मिस्टरांची. ज्या जागेने ते तुमचं बोलणं ऐकतात, शब्द जुळवतात, उद्याचं ठरवतात, ती."

मी पडद्यावरच्या त्या घडीकडे पुन्हा बघितलं.

त्यांनी समजावून सांगितलं. सगळ्यांत जास्त बदल सुरुवातीच्या वर्षांत होतात, आजार दिसायच्या जरा आधीपासून ते पहिल्या झटक्यानंतरच्या काही वर्षांपर्यंत. पुढे वेग बहुतेकांत कमी होतो. काही बदल वयाचा असतो, काही गोळ्यांचाही असू शकतो, आणि काहींच्यात तर फारसं काही बदलतच नाही. "एका माणसाच्या फोटोवरून मी भविष्य सांगणार नाही. हे शेकडो लोकांच्या सरासरीचं गणित आहे. पण उपचाराशिवाय पुन्हा पुन्हा झटके येऊ देऊ नका. प्रत्येक वेळी परत येणं थोडं अवघड होत जातं, हे मात्र मी बघितलंय."

चार वर्षं मी त्या पातळ झालेल्या घडीवर खूश होते, सवतबाई. तुझं घर कोसळतंय म्हणून. कपडा विरला की मला बोटाला कळतं, धंदाच आहे तो माझा. आणि इथे माझाच माणूस विरत होता आणि मी गाणी म्हणत होते. रिक्षात वन्सं काहीतरी बोलत होत्या, मी ऐकलं नाही. त्याचा हात धरून बसले होते. तो म्हणाला, "दुखतोय, सोड."


शनिवार, १९ सप्टेंबर

काय गं, कुठे आहेस? दिसत नाहीस!

पेढे वाटावेत असं वाटतंय. नवीन गोळी सुरू केली. जुन्या गोळ्या ज्यांना नीट लागू पडत नाहीत त्यांना ही देतात. दर आठवड्याला रक्त तपासायला जावं लागतं, तोंडाला लाळ सुटते, झोप फार येते. पण तुला कंठ फुटेनासा झाला. आधी तो म्हणाला, लांबून येतो आवाज. मग म्हणाला, पुटपुटल्यासारखा येतो. आणि काल जेवताना मान वर करून म्हणाला, "आज काहीच नाही."

मी भाजी वाढत होते. पळी तशीच हातात. मला नाचावंसं वाटलं. मी त्याला दोनदा वाढलं.

चारी मुंड्या चीत झालीस. आता समजलं, घरची कोण ते? वन्संना फोन करून सांगितलं, त्या रडल्या. मीही रडले असते, पण मला हसूच येत होतं. आज माझ्या दुकानात एका बाईंचा कोट उसवताना मी चक्क शीळ घातली. त्या म्हणाल्या, "काय, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "सवत मेली."

बिचाऱ्या पैसे न विचारता निघून गेल्या.


रविवार, ८ नोव्हेंबर

तुला लिहायचं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

काच घासायची पूड तो घरी एका डब्यात ठेवतो. गेल्या रविवारी मी फडताळ पुसत होते, डबा आडवा झाला. पुडीत गोळ्या निघाल्या. रात्रीच्या. बऱ्याच दिवसांच्या नसाव्यात, पण होत्या.

मी त्या तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरल्या. ओरडणार नव्हते, ओरडले. "परत सुरू का हे? परत सहा आठवडे? डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते ऐकलं नव्हतंत? किती उरलायत तुम्ही, किती उरलायत!"

तो खाली मान घालून बसला. म्हणाला, "करमत नाही."

"कशाने करमत नाही?"

"ती नाही म्हणून."

ऐकलंस? खूश झाली असशील. तुला घालवायला मी इतक्या खस्ता खाल्ल्या, आणि हा तुझी वाट बघत गोळ्या पुडीत पुरतोय. मी म्हटलं, "तिने तुमची बोटं सोलून काढली. माझ्या हातचा चहा तोडला. तिच्यासाठी?"

"ते पहिल्यांदा," तो म्हणाला. शब्द शोधत होता, मी मध्ये तोंड घातलं नाही. "नंतर तशी नव्हती. विचारायची, दमलास का. चाक फिरवताना म्हणायची, ही काच कुणाची, म्हाताऱ्याची का. दिवसभर कुणीतरी असायचं. आता डोकं म्हणजे... सामान हलवल्यावर खोली असते ना, तसं. माझाच पाय वाजतो."

"आणि मी? मी काय मेलेय?"

त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तेच तर वाईट. "तू बोलतेस कुठे," तो म्हणाला. "तुझ्या तोंडात टाचण्या असतात."

मला भांडता आलं नाही, सवतबाई. कारण असतात. दुमड घालताना दोन्ही हात कापडात गुंतलेले असतात, टाचण्या ओठांत धरायच्या हीच सवय. कुणी काही विचारलं तर मी "हं" म्हणते. गिऱ्हाइकांना "हं", वन्संना "हं", त्याला "हं". घरीही शिवण आणते, तेव्हाही ओठ मिटलेले. घुमी उगाच नाही म्हणत मला. तो दारात येऊन काहीतरी सांगायचा आणि माझ्या "हं" वर परत जायचा, हे आज आठवतंय. तुझ्या तोंडात मात्र कधी टाचण्या नव्हत्या. दोन्ही हात मोकळे, काम नाही, धाम नाही, चोवीस तास बडबड. अशी कुणालाही जमेल गं.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ही गोळी मध्येच सोडली तर एकदम पूर्वीएवढी घेता येत नाही, थोडीपासून पुन्हा चढवत न्यावी लागते. त्या काळात तू परत येऊ शकतेस. मी त्याला बाहेर बसवून एकटीने विचारलं, "मी बोलत नव्हते म्हणून झालं का हे?"

"नाही," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन की मला विश्वास ठेवता आला. "कुणाच्या गप्प बसण्याने हा आजार होत नाही. पण आवाज गेल्यावर एकटं वाटतं, हे खरं आहे. पुष्कळजण सांगतात. गोळी आवाज घालवते. रिकाम्या जागेत काय ठेवायचं ते गोळीला माहीत नसतं."

बाहेर बाकावर तो बसला होता. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "गोळ्या घ्याल?"

"तू बोलशील?"

हा असा सौदा आहे. त्याने गोळी चुकवली तर तू येणार आणि या वेळी तो किती परत येईल कोण जाणे. मी बोलायचं चुकवलं तर तो गोळी चुकवणार. माझ्या गळ्याशी आलंय.


बुधवार, २ डिसेंबर

एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारते. दिवसभर बोलायचं तरी काय?

मी मनगटावर बांधायची टाचण्यांची गादी आणली. मालकांशी बोलून त्याचं चाक माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात आणलं, काचा सकाळी तिकडून येतात, संध्याकाळी परत जातात. आता शिवणाच्या मशीनच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. पहिल्या दिवशी मी गिऱ्हाइकांबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी बिळातून निघालेल्या उंदराबद्दल. तिसऱ्या दिवशी माझ्याकडचं सगळं संपलं. मी म्हटलं, "ही पँट." तो म्हणाला, "काय पँटचं?" मी म्हटलं, "आखूड करायचीय." मग आम्ही दोघं गप्प. माझा घसा सुकला होता. तुला पाणी प्यावं लागत नाही, तुझं बरं आहे.

जळफळाट होतो माझा. तू त्याच्या आतून बोलायचीस, तुला सगळं आधीच माहीत. त्याला काय आवडतं, कुठे खुपतं. मला बाहेरून ठोकत ठोकत जावं लागतं, भिंत कुठे पोकळ आहे ते बघत.

शेवटी लाज सोडली. काल मी त्याला विचारलं, "ती काय विचारायची तुम्हाला?"

तो चाक थांबवून बघत राहिला. मग म्हणाला, "ही काच कुणाची, ते."

"मग सांगा. ही कुणाची?"

त्याने काच उजेडात धरली. "जाड आहे. जवळचं दिसत असणार, लांबचं नाही. लहानपणापासून असेल. बस कुठली येतेय ते विचारावं लागत असेल तिला." हळूहळू, एकेक शब्द. पण सगळं वाक्य. त्या डब्याच्या दिवसानंतर इतकं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "तिला? बाई कशावरून?" तर म्हणाला, "चौकट बघ ना, लाल." आणि हसला.

तुझाच प्रश्न उसना घेतला. हो, चोरला. वाईट वाटून घेऊ नकोस, तू माझा अख्खा माणूस चोरला होतास.

गोळी पुन्हा चढवत आणली आहे. मध्ये चारपाच दिवस तू आलीस, मला कळलं. तो चाकावरून मान वळवून कोपऱ्याकडे बघायचा. मी मोठ्याने बोलायला लागायची. उंदीर, पँट, वन्संचा गुडघा, काय सुचेल ते. गिऱ्हाईक म्हणायचं, वहिनी, ऐकू येतं हो आम्हाला. मी म्हटलं, तुमच्यासाठी नाहीच आहे.


शुक्रवार, १६ एप्रिल

सवतबाई,

आज तिसरा फोटो होता. म्हणून लिहितेय. यानंतर तुला पत्र नाही.

तेच मशीन, तेच दादा, केस पिकलेत आता त्यांचे. तेच स्टूल. त्याला आडवा घातला, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं." मी काचेच्या अलीकडे बसले आणि दिव्याकडे डोळे लावले. महिना झाला, तो म्हणत होता, काही नाही, काही नाही. पण माझ्यासमोर म्हणणं वेगळं, आणि आत एकटा असताना बटण हातात असणं वेगळं. तू लपून येत असशील तर दिवा सांगणार होता.

ठकठक सुरू झाली. दिवा विझलेला. मी मनात म्हणत होते, ये बघू, ये. आली नाहीस. ठकठक थांबून घुरघुर सुरू झाली. दिवा विझलेला. पूर्वी जिथे तू घोळ घालून बसायचीस तिथे, त्या दिव्याच्या जागी, काळं बटबटीत भोक दिसत होतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला त्याची दया आली. इतक्या गोंगाटात तो एकटा पडला होता.

मग दादा म्हणाले, "हलताहेत. पाय हलवताहेत. घाबरले वाटतं. फोटो बिघडेल." मशीन थांबवलं. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोला बरं या माईकमध्ये. त्यांच्या कानात जाईल."

माझ्यासमोर माईक ठेवला. आणि बघ ना, इतके महिने बडबड करून मी तोंडाने तय्यार झालेली, आणि नेमकं तिथे काही सुचेना. ओठ मिटले ते मिटलेच, जणू टाचण्या धरल्यात. दादा खुणेने म्हणाले, बोला.

मी म्हटलं, "अहो."

पुढे काय ते माहीत नव्हतं. "अहो, मी आहे इथे. थोडंच राहिलंय. इथल्या दादांना चष्मा आहे, गोल, सोनेरी काडीचा. काच कुणी घासलीय देव जाणे, कडा खरबरीत आहे. तुम्ही असतात तर..."

दिवा लागला.

पिवळा. तोच. मी थबकले. दिवा विझला. मला वाटलं, आलीस. इतक्यात, माझ्या बोलण्यावर बोलत, आलीस. मी दम धरून बसले, दिवा विझलेला. मग मी हळूच म्हटलं, "ऐकताय ना?"

दिवा लागला.

दादा म्हणाले, "बटण हातातच राहिलं वाटतं, चुकून दाबलं जात असेल." मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी बोलत राहिले. उंदीर, पँट, वन्संचा गुडघा. दिवा लागलेला राहिला. मी मुद्दाम थांबायची, तो विझायचा. पुन्हा बोलायची, लागायचा. दादांनी चष्मा काढून पुसला.

त्याचे पाय हलायचे थांबले. उरलेला फोटो नीट निघाला. फोटोत काय आहे ते डॉक्टरबाई पुढच्या महिन्यात सांगणार आहेत. फार बदल नसेल अशी त्यांना आशा आहे. जे पातळ झालं ते पुन्हा जाड होईल असं काही त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर बूट घालताना मी त्याला विचारलं, "बटण कशाला दाबत होतात? ती आली होती का?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी आहे. "त्यांनी सांगितलं होतं ना," तो म्हणाला, "आवाज आला की दाबायचं. आला."

मी नाडी बांधायला खाली वाकले, त्याची. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून. वर बघितलं तेव्हा तो हात पुढे करून उभा होता. दुपारची गोळी माझ्या पिशवीत असते. मी दिली. त्याने ती माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाला, "हं, आता बोल. त्या दादांच्या चष्म्याचं अर्धं राहिलं."

मला अजून तुझा राग येतो. तुला इतकी वर्षं फुकट मिळाली आणि मला एकेक वाक्य कमवावं लागतंय, याचाही येतो. पण त्या खोलीत तू कित्येक वेळा लावलेला तो पिवळा दिवा आज माझ्यासाठी लागला, आणि मी गप्प झाले तेव्हा विझला, एवढं तुला कळवायचं होतं.

त्याची बायको